तुझ्या चित्रातली हाडं

सुवार्ता,

तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवरून येऊन दारातच बूट काढत होते. अशोकनं आधी तू गेल्याचं सांगितलं. मग कालच माती झाली म्हणाला, वडिलांच्या शेजारीच जागा मिळाली म्हणाला. मी एका हातात बूट घेऊन भिंतीला टेकले. तू भाचीच्या लग्नाला गेली होतीस. लग्नाला गेलेल्या माणसाची माती कशी होते, हे काही केल्या मला जुळवता येईना. तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. तिच्या फिल्म तुम्हीच काढत होता. इतकं वाढलंय म्हणून आम्हाला एक फोन करायला काय झालं होतं?"

"कसल्या फिल्म?" हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो रडत होता, आणि माझ्या तोंडून नुसतं "अं" निघालं. त्यानं ते 'हो' समजून घेतलं. मग त्याच्या बोलण्यातून मला एकेक गोष्ट कळत गेली. गाठ छातीत होती. तिथून हाडांत उतरली. मणके पोखरले गेले. दीड वर्ष हे चाललं होतं. आणि तू घरी सांगून ठेवलं होतंस की काळजी करू नका, माधुरी एक्स-रेवालीच आहे, तिच्या नजरेखाली सगळं चाललंय. ते बिचारे इतके दिवस माझ्या भरवशावर झोपत होते.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. ज्यानं हा नियम केला त्याला तुझ्यासारखी मैत्रीण नसणार. कुवेतमधल्या अबू हलीफाच्या या दोन खोल्यांत आपण किती वर्षं काढली! मी पुण्याची, तू नगरकडची. मी एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर, तू दुसऱ्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स. तुला चहात किती साखर लागते, कुठल्या कुशीवर वळलीस की घोरतेस, भावाशी भांडण झालं की कुठलं कपाट आवरायला काढतेस, हे सगळं मला पाठ. आणि एवढी एक गोष्ट मला माहीत नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

तुझं ते चित्र मी उतरवून ठेवलंय, हेही सांगून टाकते. जेवणाच्या टेबलासमोर ते असताना मला घास जाईना.

या घरात राहायला आलीस तेव्हा कपड्यांच्या आधी तू ते बॅगेतून काढलं होतंस, टॉवेलात गुंडाळलेलं. मला वाटलं येशूचा फोटो असेल. बघते तर हाडंच हाडं. कुणा इंग्रज चित्रकारानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, दोनशे वर्षांमागचं, सगळं काळ्या बारीक रेघांचं. ओसाड खोरं, कवट्यांचा खच, आणि मधोमध ती हाडं एकमेकांना शोधत उठताहेत. एक सांगाडा हातावर रेटा देऊन अर्धवट बसलाय. दुसऱ्याच्या छातीवर मांस चढलंय, पण पाय अजून हाडांचेच आहेत. तिसरा पुरता माणूस झालाय आणि अंगावरचं कफन सारून वर बघतोय. वर ढग फाडून आलेला उजेड, आणि कडेला एक दाढीवाला म्हातारा हात उंचावून उभा. तू म्हणालीस, शास्त्रातला दृष्टांत आहे हा. देवानं आपल्या संदेष्ट्याला वाळलेल्या हाडांच्या खोऱ्यात नेलं आणि यांना उठायला सांग म्हणाला. तुझे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या मडमेनं मायदेशी परत जाताना त्यांना ते दिलं होतं.

ते कुवेतमध्ये कसं आलं याची गोष्ट तू इतकी रंगवून सांगायचीस की ऐकणाऱ्याला दर वेळी नवी वाटावी. विमानतळावर बॅग उघडून बघणाऱ्या अधिकाऱ्यानं ते हातात घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून "शिनू हाधा?" म्हणाला, हे काय आहे म्हणून. तुझं अरबी तेव्हा एका शब्दाचं. तू बॅगेतल्या नर्सच्या गणवेशाकडे बोट दाखवून "मुस्तश्फा, मुस्तश्फा" म्हणालीस, म्हणजे हॉस्पिटल. त्यानं पुन्हा हाडं बघितली, तुझ्याकडे बघितलं आणि शिकायचा तक्ता समजून सोडून दिलं. "देवाचा दृष्टांत अ‍ॅनाटॉमीत खपवला बघ मी," असं म्हणून तू टाळी मागायचीस. मी टाळी द्यायचे. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही बाई तोंडावरची सुरकुतीही न हलवता काहीही खपवू शकते.

चित्रावरून आपली पहिल्या दिवसापासून जुंपली. मी धर्माबिर्माच्या वाटेला जात नाही, पण हाडं हा माझा विषय. पहिल्याच संध्याकाळी मी तुला दाखवलं की त्या अर्धवट उठलेल्या सांगाड्याच्या कोपराखालची दोन हाडं उलटी बसवलीत, अंगठ्याच्या बाजूचं करंगळीकडे गेलंय. तू चष्मा लावून जवळून बघितलंस. "आगं, घाईत उठलाय त्यो," म्हणालीस. "बसत्याल नंतर जागच्या जागी." मी म्हटलं, अशी बसत नसतात, ऑपरेशन लागतं. तू म्हणालीस, सर्जन बघ की वर उभाय. मी विचारलं, आमच्यात जाळतात, आमची राख नदीत, मग हजेरीला आम्ही कुठून येणार? तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "हाडं जुळवणाऱ्याला राख येचायला काय जड?" असं वर्षानुवर्षं. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, तू चर्चहून यायचीस, मी उशिरा उठलेली असायचे, आणि मटणाच्या वाटणाबरोबर हाही वाद आपण रोजचा मसाला असल्यासारखा वापरायचो. कुणीच कधी हरलं नाही. मला वाटायचं, वाद असा चालू राहिला की माणसंही राहतात.

आणि त्याच टेबलावर आपली ओपीडी भरायची, आठवतं? कुवेतमधल्या अर्ध्या मराठी लोकांची हाडं मी त्या टेबलावर बघितलीत, ती तुझ्यामुळे. कुणाचा गुडघा, कुणाची मान, कुणाच्या मुलाचं मनगट. डॉक्टरकडे जाण्याआधी आणि जाऊन आल्यावरही लोक तुला गाठायचे, आणि तू फिल्म घेऊन माझ्याकडे. पुढे फिल्म गेल्या आणि फोनवरचे फोटो आले, तरी रिवाज तोच. "आपल्या माणसाची हाडं आधी माधुरी बघणार," असं तू सगळ्यांना ठणकावून सांगायचीस. खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान, चालवणारे रत्नागिरीचे इस्माइलभाई, त्यांचा गुडघाही तू असाच वर आणलास. मी फिल्म बाल्कनीच्या उजेडात धरली आणि सांगितलं, गादी झिजलीय, जिने कमी करा. तेव्हापासून ते आपल्याकडे जिना चढून यायचे थांबले आणि सामानाची पिशवी तू वर आणायला लागलीस.

सगळ्या गावाची हाडं तू मला दाखवलीस. तुझी स्वतःची मात्र नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर तो वळसा तू मुद्दाम घातलास.

कंबर दुखते म्हणायचीस, आणि मी मान डोलवायचे. हाडांच्या वॉर्डातल्या कुठल्या नर्सची कंबर दुखत नाही? पेशंट उचलून उचलून सगळ्यांच्याच कमरा गेलेल्या असतात. पट्टा बांधायला लागलीस. बारीक झालीस, तर मी तुला वधू म्हणून चिडवलं. एकदा मी म्हटलंसुद्धा, चल, माझ्या मशीनखाली झोप, एक फोटो काढून टाकू. तू म्हणालीस, "नको बाई, तुझ्या त्या मशीनचा उजेड अंगावर घेऊन मी काय दिव्यासारखी पेटू?" आपण हसलो. तू माझ्यासारखीच हसलीस, सुवार्ता. तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

आणखी एक संध्याकाळ. ही मी कुणालाच सांगितलेली नाही. तू चित्रासमोर उभी राहून केस विंचरत होतीस. मागे न बघता विचारलंस, "माधुरी, आतून पोखरलेलं हाड माणसाला किती दिवस उभं ठेवतं गं?" मला वाटलं, वॉर्डातला कुणी पेशंट असेल, किंवा नेहमीचा वाद नव्या वाटेनं आणलायस. मी धंद्याच्या आवाजात उत्तर दिलं की सांगता येत नाही, असं हाड खोकला आला तरी मोडतं. आणि वर म्हटलं, "तुझ्या देवाला त्या खोऱ्यात सिमेंटचं पोतं घेऊन जावं लागणार." तू "आसं का?" म्हणालीस. कंगव्यातले केस काढून डब्यात टाकलेस आणि चहा ठेवायला गेलीस. चहा चांगला झाला होता, असंही मी म्हणाले.

तू मला ते बोलू दिलंस. एक शब्द टाकला असतास तर मी जीभ चावून गप्प बसले असते. मी तुझ्याच मणक्यांची थट्टा करत होते, आणि तू माझ्यासमोर कप ठेवून बिस्किटांचा पुडा फोडत होतीस. मला इतकं निर्दय करून ठेवायचा अधिकार तुला कुणी दिला?

आता सुलैबियाची भाजी. गेलं वर्षभर तू सुट्टीच्या दिवशी पहाटे इस्माइलभाईंच्या व्हॅनमधून सुलैबियाच्या घाऊक बाजारात जायचीस. ताजं मिळतं, स्वस्त मिळतं, हवापालट होते, ही तुझी कारणं. दुपारी परत यायचीस ती टोमॅटोची पेटी आणि मेथीच्या जुड्या घेऊन. आल्यावर दमलेली असायचीस, तर मी म्हणायचे, या वयात कशाला ही हौस. एकदा आल्यापासून तू पाणीच पाणी प्यालीस, जगच्या जग. "ऊन लई व्हतं," म्हणालीस. हाडांच्या स्कॅनआधी शिरेतून औषध देतात, ते धुऊन जायला पाणी प्यायला सांगतात, हे मी रोज लोकांना समजावते. आणि मी तुझ्यासमोर बसून मेथी निवडत होते.

अशोकचा फोन ठेवल्यावर मी तशीच खाली बकाल्यात गेले. इस्माइलभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि गल्ल्यामागचं स्टूल माझ्यासाठी पुढे सरकवलं. त्यांना बातमी आधीच लागली होती.

"भाई, तुम्ही तिला बाजारात नेत होता ना?"

"बाजारात नेत होतो ताई, खोटं नाय. आधी बाजार, मग हॉस्पिटल. येताना मागं आडवी पडून यायची ती."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"माझ्या आईची शपथ घातलीन मला. मी काय करणार?" त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "मी बोललो होतो तिला, घरात एक्स-रेवाली ताई हाय, तिला दाखव. तर बोलली, माधुरीला फिल्म दाखवली की ती फिल्मच बघत बसेल. मग मला कोण बघणार?"

मी स्टुलावर बसून ते ऐकलं. एक बाई पाव घ्यायला आली, तिला त्यांनी पाव दिला.

हे तुझं कारण मी तेव्हापासून मनात घोळवतेय. लोक म्हणतील, बघ, किती प्रेम होतं तिचं तुझ्यावर. तिला एक घर असं हवं होतं जिथे ती आजारी नव्हती. समजलं मला, मूर्ख नाही मी. पण पटत नाही. तुला जे हवं होतं ते तू घेतलंस, आणि मला काय हवं असेल हे विचारलंही नाहीस. मी फिल्म बघत बसले असते म्हणतेस? बसले असते. सगळ्या बाजूंनी बघितली असती, रेडिओलॉजिस्टचं डोकं खाल्लं असतं, मग घरी येऊन तुझी उशी बदलली असती. माझं बघणं म्हणजे तेच. इतक्या वर्षांत तुला एवढंही कळलं नाही?

आणि तू स्वतः काय केलं होतंस? बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. मला जाता आलं नाही. माझ्या भावानं वैकुंठ स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला आणि मी या टेबलाशी फोन समोर ठेवून बसले. तू रात्रपाळी करून आली होतीस, डोळे तांबारलेले. देवाचं नावसुद्धा काढलं नाहीस. फक्त अग्नी द्यायच्या आधी उठलीस आणि त्या चित्रावर तुझी ओढणी टाकलीस, मला हाडं दिसू नयेत म्हणून. मग माझ्या शेजारी बसून माझा हात धरलास आणि शेवटपर्यंत तो सोडला नाहीस. नंतर पिठलं केलंस आणि मी खात नाही म्हटल्यावर लहान मुलीला भरवावं तसं भरवलंस. त्या दिवसासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे, हे रागातही मला नाकारता येत नाही.

म्हणूनच जास्त संताप होतो. माझ्या दुःखात तू न विचारता घुसलीस, आणि तुझ्या दुखण्याचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलंस. आतून कडी घातलीस आणि वर आतून गाणीही म्हणत राहिलीस. मैत्री अशी एका बाजूनं करायची असते का?

जायच्या दिवसाचंही सांगते. विमानतळावर सोडायला मीच आले होते. तू नेहमीच्या रजेवर जायचीस तशी एकच बॅग घेतलीस. माझ्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं, कारण चित्र भिंतीवर होतं. "कुवेत कायमचं सोडीन त्या दिवशी हे काखोटीला मारून नेईन आणि आजोबाच्या भिंतीवर परत लावीन," हे तू इतक्यांदा म्हणाली होतीस की ते चित्र इथे आहे म्हणजे तू परत येणार, हे मला आकाशात सूर्य असण्याइतकं पक्कं होतं. ते तुलाही माहीत होतं. म्हणून तू ते मागे ठेवलंस. आजोबांचं चित्र, तुझं इतकं लाडकं, ते तू मला फसवण्यासाठी टांगून गेलीस. अकामा, इथला राहण्याचा परवाना, तू आधीच रद्द करून घेतला होतास, हे मला तुझ्या हॉस्पिटलातल्या मुलींनी नंतर सांगितलं. तुझा निरोप समारंभसुद्धा झाला म्हणे, केक कापलास.

मी तुला कडकडून मिठी मारली तेव्हा तू अंग चोरलंस. "पट्टा रुततोय," म्हणालीस. मी म्हटलं, येताना काळा मसाला आण, मागच्या वेळचा संपत आलाय. तू विचारलंस, "तिखट आणू का मध्यम?" अगदी विचार करून. मी मध्यम म्हटलं. तू बरं म्हणालीस आणि आत गेलीस. मागे वळून बघितलं नाहीस, तर मला वाटलं, गर्दी आहे.

मग आपल्या मराठी उपासनेत तुझ्यासाठी स्मरण प्रार्थना झाली. मी चर्चमध्ये कधी येत नाही म्हणून तू नेहमी टोमणे मारायचीस, तर आले बघ. पाळक चांगलं बोलले. उठण्याच्या दिवसाबद्दल बोलले, तू अनेकांच्या वेदना हलक्या केल्यास म्हणाले. आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले की आपल्या माधुरीताईंनी, धर्मानं वेगळ्या असूनही, सुवार्ताताईंची शेवटपर्यंत सेवा केली. सगळे माझ्याकडे वळले. बायकांनी येऊन माझे हात हातात घेतले. एकीनं तर मला वाकून नमस्कार केला. अशोकनं इकडे कळवलं असणार. मी उभी राहून सांगायला हवं होतं की मला काही माहीत नव्हतं, मी काही केलेलं नाही, मी मेथी निवडत होते. तोंड उघडलं असतं तर तू खोटी ठरली असतीस, तेही तुझ्याच प्रार्थनेत. मी खाली बघत बसले. न केलेल्या सेवेचं कौतुक ऐकण्याइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी घरी आल्यावर ठरवलं की अशोकला सगळं खरं सांगायचं. माझ्यावरचा राग तरी जाईल त्याचा. त्याची बहीण माझ्या हलगर्जीपणानं गेली असं वाटत त्यानं जन्म काढावा, हे मला मंजूर नव्हतं. मी आयुष्यभर एकच गोष्ट नीट केली आहे. जे फिल्मवर दिसतं ते सांगते, कमी नाही आणि जास्त नाही. माझं नाव असलं तर तेवढ्यावरच आहे, आणि तू नेमकं तेच वापरून टाकलंस. वाक्यं जुळवून फोन हातात घेतला तर समोरूनच फोन वाजला. अशोकचाच व्हिडिओ कॉल.

पण फोन तुझ्या आईंच्या हातात होता. त्यांना तो नीट धरता येत नव्हता, मला फक्त कपाळ आणि पदराची कड दिसत होती.

"माधुरी बोलतीस का गं?"

"हो आई."

"आशोक भायेर गेलाय. त्यो म्हन्तो इचारू नको. पर मला झोपच न्हाई, पोरी. एकच इचारते." त्यांनी फोन आणखी जवळ ओढला. "लई दुखत व्हतं का गं तिला? परमुलखात एकलीच तळमळत व्हती का माझी लेक?"

सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी होती. मला माहीत नव्हतं आई, हे चारच शब्द पुरले असते. माझं नाव स्वच्छ झालं असतं. आणि त्या म्हातारीला कळलं असतं की तिची लेक पलीकडच्या खोलीत उशीत तोंड खुपसून दीड वर्ष एकटी होती, आणि अलीकडच्या खोलीत मी झोपले होते. पोखरलेल्या मणक्याचं दुखणं कसं असतं हे मला माहीत आहे. माझ्या एक्स-रेच्या टेबलावर चढताना तशी माणसं ओरडतात.

मी म्हटलं, "नाही आई. एकटी नव्हती. मी होते ना. दुखायला लागलं की मी पाठ चोळून द्यायचे. मग झोप लागायची तिला."

पदराची कड हलली. त्या रडत होत्या, पण आवाज मोकळा झाला होता.

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला तेवढंच व्हतं बघ. देव तुला सुखात ठिवो, पोरी. रोज रोज चोळून तुझंच हात दुखलं असत्याल."

तुझ्या आईनं माझ्या हातांची कीव केली, सुवार्ता. या हातांनी तुझी पाठ एकदाही चोळलेली नाही. आता अशोकचा राग मी आयुष्यभर झेलणार, आणि आईंचा आशीर्वादही, दोन्ही खोट्यापोटी. तू गेलीस आणि सुटलीस. मला तू या खोट्यात एकटीला सोडून गेलीस.

मेलेलं माणूस उठतं यावर माझा विश्वास नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. तरी सांगते, ऊठ. कुणाच्या हाकेची वाट बघू नकोस, जशी असशील तशी ऊठ, आणि इथे येऊन माझ्याकडे पाठ करून बस.